आधी कुठलं

परीक्षेला सव्वीस दिवस, आणि पाटावर दोन पुस्तकं,
एक नवं, एक वापरलेलं.
मजगावच्या आमच्या खोलीत जमीन थोडी उतरती आहे,
पेन्सिल ठेवली की आपणहून रसायनाकडे घरंगळते.
याला कौल म्हणता येत नाही.
याला भौतिकशास्त्र म्हणतात.

आमच्या मराठी शाळेत ते भौतिकशास्त्र होतं.
कन्नड शाळेतून आलेली गंगव्वा म्हणते भौतशास्त्र.
मधला एक 'कि' ती वाटेत कुठे टाकून आली
की आम्हीच जास्तीचा उचलून आणला,
यावरून आमचं कधी भांडण झालं नाही.
भांडण डब्यातल्या शेंगाचटणीवरून होतं.
रसायनशास्त्र मात्र तिचं-माझं एकच,
काना-मात्रा न बदलता.
आता पीयूसीला दोन्ही इंग्रजीत
आणि दोघींना सारखीच झोप येते.

पेपर आधी फिजिक्सचा,
म्हणून फिजिक्स आधी, असं शिरीन म्हणते.
म्हणूनच फिजिक्स शेवटी, ताजं राहील, असं गंगव्वा.
मला दोघींचं पटतं, हेच वाईट.

बाबांना विचारलं. उद्यमबागेतून नुकतेच आलेले,
नखांत काळी वाळू,
कानात अजून भट्टीचा पंखा, त्यामुळे आवाज चढलेला:
"काय करालीस गं, अजून तिथंच?
साचा थांबतोय दोन दिवस. रस थांबत न्हाई.
रस उतरला की वतायचाच,
मग साचा वल्ला असू दे नाहीतर वाकडा."
आणि भाकरी मोडली.
ते माझ्या पुस्तकांबद्दल बोलत होते
की गेल्या मंगळवारी वाया गेलेल्या सत्तर पंपबॉड्यांबद्दल,
कळलं नाही.
मी ताटात आमटी वाढली.

रसायनाचं पुस्तक वैजयंता हुंदरेचं,
मागच्या गल्लीतल्या. निम्म्या किमतीत मिळालं.
पान एकशे सहापर्यंत तिची पेन्सिल सोबत चालते:
सूत्राभोवती चौकट, समासात मराठीत अर्थ,
'मोल म्हणजे डझनासारखंच, फक्त लई मोठं',
एका कोपऱ्यात मेंदीची वेल, पान अर्धं राहिलेलं.
मग अर्धआयु येते.
पदार्थ निम्मा होतो, मग निम्म्याचा निम्मा,
मग त्याचाही,
आणि तिथे तिने लिहिलंय,
'मग पूर्ण कधी संपतं? सरांना विचारणे.'
त्यानंतरची पानं कोरी.
अजून एकमेकांना चिकटलेली.

वैजयंता आता खडेबाजारात साड्यांच्या दुकानात असते.
गिऱ्हाईक पायरी चढतानाच तिला कळतं
मराठी बोलायचं की कन्नड.
परवा मी समोरून गेले तेव्हा ती
उलगडून ठेवलेल्या साडीची घडी घालत होती,
निम्मी, निम्म्याची निम्मी, हाताखाली दाबून.
आत जाऊन विचारावंसं वाटलं,
विचारलंस का गं सरांना?
पण मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला,
आणि तिने मला बघितलं ते
साडी घ्यायला आलेल्या कुणाला बघावं तसं.
राहिलं.

वाक्यावरून बोट फिरवलं तर बोटाला करडं लागतं.
पेन्सिल उडत चाललीय.
सत्तर पंपबॉड्या आठवल्या, बाबांचा मोठा आवाज आठवला.
फिजिक्स उचलून भिंतीकडेला, चढाच्या बाजूला ठेवलं.
नवंकोरं आहे, थांबेल चार दिवस.
नाही थांबलं तर शिरीनचं खरं.

अकरा वाजून गेले. बाबा घोरतायत.
पान एकशे सात सोडवताना
कोपरा थोडासा फाटला.

उद्या अंकलगी सरांना जिन्यातच गाठणार आहे,
पूर्ण कधी संपतं म्हणून.
कुठल्या भाषेत विचारायचं
ते अजून ठरलेलं नाही.